अ‍ॅडॅटच्या ऑप्टिकल वायरीवरून १६ ट्रॅक: सभामंडपातल्या रेकॉर्डिंगची जोडणी

वारकरी भजनाचं रेकॉर्डिंग सुटं सुटं घ्यायचं म्हटलं की माइक मोजता मोजता आकडा १६ वर जातो. बुवांना एक, वीणेला एक, पेटीला दोन, पखवाजाच्या शाईला एक आणि धुमेला (डाव्या तोंडाला) एक, टाळकऱ्यांच्या दोन रांगांवर चार, मागे साथीला उभे असलेल्यांवर चार आणि सभामंडपाचा घुमारा धरायला दोन. इंटरफेसला (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणाऱ्या उपकरणाला) माइक लावायची तोंडं मात्र आठच. मोठा इंटरफेस घेण्यापेक्षा त्याच्या पाठीमागे रिकामं पडलेलं ऑप्टिकल पोर्ट कामाला लावायचं ठरलं, आणि आठ प्रीअँपचा (माइकचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या भागांचा), रॅकमध्ये बसणारा एक डबा त्याला जोडला. वायर खोचायला अर्धा मिनिट लागतं. ती खोचल्यावर १६ ही ट्रॅक तीन तास न तडकता मिळतील याची खात्री करायला मात्र दोन संध्याकाळी गेल्या. त्या दोन संध्याकाळी आणि नंतरच्या रेकॉर्डिंगच्या दिवशी काय काय करावं लागलं, ते इथे सविस्तर लिहिलं आहे.

या पोर्टला सगळे अ‍ॅडॅट म्हणतात. हे नाव अलेसिस कंपनीच्या टेप मशीनचं. ते मशीन १९९१ मध्ये जाहीर झालं आणि १९९२ मध्ये बाजारात आलं. एस-व्हीएचएस कॅसेटवर आठ डिजिटल ट्रॅक, १२० मिनिटांच्या कॅसेटवर साधारण ४० मिनिटं रेकॉर्डिंग, आणि अशी १६ मशीनं जोडून १२८ ट्रॅकपर्यंत जायची सोय. एका मशीनवरून दुसऱ्यावर आठही ट्रॅक एकदम उतरवता यावेत म्हणून एकाच ऑप्टिकल वायरीत आठ चॅनल बसवायची ही पद्धत काढली गेली. टेप मशीनं गेली, वायर राहिली. त्या मशीनांना नऊ पिनांची सिंकची वेगळी वायरही असायची. कुठे तिचा उल्लेख वाचून गोंधळू नका, आजच्या जोडणीशी तिचा संबंध नाही.

वायरीचं टोक आणि पोर्ट हे तोशिबाने १९८३ मध्ये आणलेलं टॉसलिंक. टीव्हीतून साउंडबारला जाते तीच वायर, तोच लाल उजेड, आत साधारण एक मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा तंतू. फसगत इथेच होते. टीव्हीच्या वायरीवरून जाणारं एसपीडिफ दोन चॅनलचं असतं. अ‍ॅडॅटमध्ये दर सॅम्पलला (आवाजाच्या एकेका मापाला) २५६ बिटांचा एक घास पाठवला जातो, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला सेकंदाला सुमारे १ कोटी २३ लाख बिट. एसपीडिफमध्ये उजेडाची सगळ्यात छोटी उघडझाप सुमारे १६३ नॅनोसेकंदांची असते, अ‍ॅडॅटमध्ये ती ८१ वर येते. तेव्हा जी वायर टीव्हीला वर्षानुवर्षं नीट चालली, ती इथे अडखळू शकते, आणि अडखळली की आठही चॅनलवर मधूनच फर्रकन आवाज येतो किंवा लॉकचा (वायरीतला सिग्नल वाचता येतोय हे दाखवणारा) दिवा लुकलुकतो. आमच्याकडे घरातल्या जुन्या ड्रॉवरमधल्या चार वायरी होत्या. त्यांतल्या दोन बाद झाल्या.

वायर पारखायची आमची रीत साधी आहे. वायरीचं एक टोक चालू उपकरणाच्या आउट पोर्टात घालायचं आणि दुसरं टोक खोलीतला दिवा मालवून तळहातासमोर धरायचं. हातावर गोल, कडा नीट दिसणारा लाल ठिपका पडला पाहिजे. दोन वायरी एकामागोमाग त्याच पोर्टात लावून पाहिल्या की कुठली मंद आहे ते लगेच कळतं. मंद वायरीचं टोक भिंगाखाली धरलं की बहुतेक वेळा चरे दिसतात किंवा धुळीची साय. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब टाकलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने टोक हलकं पुसायचं. चरा असेल तर मात्र ती वायर टीव्हीकडे परत. नव्या वायरीच्या टोकाला पारदर्शक प्लॅस्टिकचं बारीक टोपण असतं. ते इतकं स्वच्छ असतं की दिसतच नाही, आणि त्याच्यासकट वायर पोर्टात दामटली तर एक तर बसत नाही, नाहीतर पोर्टाचं दारच मोडतं. टोक बसताना बारीक ‘टक्’ जाणवतं. ते जाणवलं नाही तर वायर अर्धवट बसलेली आहे असं धरून चालायचं.

लांबी एक मीटर पुरते. प्लॅस्टिकच्या साध्या वायरीने पाच मीटरपर्यंत काम होतं, चांगल्या वायरीने दहापर्यंतही जातं, पण दोन वायरी जोडणीच्या नळीने एकत्र करून लांबी वाढवू नये, सांध्यावर उजेड गळतो. वळण दोन बोटं आत जातील एवढं मोकळं ठेवायचं. रॅकच्या मागच्या दाराने एकदा वायर चेमटली की ती वरून धड दिसते, आतून गेलेली असते.

पोर्टाची दिशा उजेडावरूनच कळते: आउटमधून लाल उजेड येतो, इन अंधारं असतं. डब्याच्या आउटमधून इंटरफेसच्या इनमध्ये एक वायर. सोळा ट्रॅकांपैकी आठ या एका वायरीतून येतात. बरेच जण इथेच थांबतात.

आता क्लॉक. या जोडणीतली बहुतेक दुखणी इथली आहेत. डिजिटल उपकरण सेकंदाला ४८,००० वेळा आवाजाचं माप घेतं, आणि ही ४८,००० ची मोजणी त्याच्या आतल्या क्रिस्टलवर चालते. दोन उपकरणांतले दोन क्रिस्टल कधीच हुबेहूब सारखे नसतात. समजा त्यांच्यात दहा लाखांत २० इतकाच फरक आहे. तरी ४८,००० गुणिले ०.००००२ म्हणजे सेकंदाला जवळजवळ एक सॅम्पल. एक डबा पुढे पळतो, दुसरा मागे राहतो, आणि जवळपास दर सेकंदाला एक सॅम्पल एक तर गळतो, नाहीतर दोनदा घेतला जातो. कानाला तो बारीक ‘टिक्’ असा लागतो. टाळ-पखवाज जोरात असताना तो ऐकूही येत नाही. वीणेचा षड्ज एकटा वाजत असला की मात्र काट्यासारखा टोचतो, आणि तोवर मंडळी आपापल्या गावी पोचलेली असतात.

म्हणून एका डब्याला मास्टर करायचं आणि दुसऱ्याने त्याच्या ठोक्याने चालायचं. अ‍ॅडॅटच्या वायरीत आवाजाबरोबर हा ठोकाही जातो, त्यामुळे दोन मार्ग निघतात. पहिला: आठचा डबा मास्टर, त्याच्या मागचं बटण ‘आतलं ४८’ वर, आणि इंटरफेसच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लॉक सोर्स ‘अ‍ॅडॅट’. याला एकच वायर लागते. दुसरा: इंटरफेस मास्टर, क्लॉक सोर्स ‘इंटर्नल’, त्याच्या ऑप्टिकल आउटमधून डब्याच्या इनमध्ये दुसरी वायर, आणि डब्याचं सिंक बटण ‘अ‍ॅडॅट इन’ वर. ही दुसरी वायर उलटा ठोका न्यायला लागते, तिच्यातून आवाज पाठवायचा नसला तरी.

पहिल्या संध्याकाळी एकाच वायरीवर काम भागवलं. सगळं नीट चाललं. मग मुद्दाम डब्याची पिन काढून पाहिली. इंटरफेसचा ठोकाच त्या डब्यातून येत असल्यामुळे आठच ट्रॅक न जाता सगळं रेकॉर्डिंग बंद पडलं, आणि पडद्यावर सॅम्पल रेट बदलल्याची सूचना आली. देवळात कोणाचा पाय एक्स्टेन्शनला लागेल याचा भरवसा नसतो. तेव्हापासून आम्ही दुसराच मार्ग धरतो: इंटरफेस मास्टर, दोन वायरी. डबा गेला तरी बुवा, पेटी आणि पखवाज हातात राहतात.

या मार्गातही एक छुपा दोष आहे आणि तो पहिल्यापेक्षा वाईट आहे. उलटा ठोका नेणारी वायर सैल होऊन निघाली तर डबा गप्प बसत नाही. तो आपल्या क्रिस्टलवर चालू राहतो. आवाज येत राहतो, मीटर हलत राहतात, लॉकचा दिवाही पुष्कळ उपकरणांत तसाच राहतो, आणि ‘टिक्-टिक्’ सुरू होते. कारण लॉक म्हणजे वायरीत वाचता येईल असा सिग्नल आहे, एवढंच. तो आपल्या ठोक्यात आहे का, हा प्रश्न वेगळा. आरएमई कंपनीच्या उपकरणांत हा फरक दाखवलेला असतो: दिवा लुकलुकत असेल तर सिग्नल आहे पण सिंक नाही, स्थिर असेल तर दोन्ही आहेत. ज्या इंटरफेसात हा फरक दिसत नाही, तिथे दिव्यावर विसंबून चालत नाही.

म्हणून दुसऱ्या संध्याकाळी ही चाचणी घेतली, आणि ती आता प्रत्येक वेळी घेतो. फोनमधल्या टोन जनरेटरने १ किलोहर्ट्झचा शुद्ध सूर लावायचा, हेडफोनच्या तोंडातून तो डब्याच्या लाइन इनपुटात द्यायचा आणि दहा मिनिटं रेकॉर्ड करायचं. मग त्या ट्रॅकवर ५ किलोहर्ट्झच्या खालचं सगळं कापणारा फिल्टर लावायचा. सूर नाहीसा होतो आणि क्लॉकचा दोष असेल तर फक्त टिका उरतात, अगदी स्वच्छ ऐकू येतात. स्पेक्ट्रोग्राममध्ये (आवाजाच्या चित्रात) त्याच टिका उभ्या रेघांसारख्या दिसतात. रेघा साधारण सारख्या अंतराने असतील तर ठोका जुळलेला नाही. वेड्यावाकड्या, झुबक्याने असतील तर वायर किंवा टोक खराब. शांतता असेल तर पुढच्या कामाला लागायचं.

दोनाहून जास्त डबे असतील तर वर्ड क्लॉकची (फक्त ठोका नेणारी) वेगळी वायर बरी पडते. ती बीएनसी टोकाची, ७५ ओहमची लागते, म्हणजे आरजी-५९ जातीची. दिसायला सारखी असणारी ५० ओहमची वायर लावू नये, आणि साखळीतल्या शेवटच्या उपकरणावर ७५ ओहमचं टर्मिनेशन हवं, ते आतलं असो वा बाहेरून लावलेलं. दोनच डब्यांना याची गरज नाही.

सॅम्पल रेट दोन्हीकडे हाताने बघून ठरवायचा. आम्ही ४८ वर राहतो. ९६ वर गेलं तर त्याच वायरीत आठांऐवजी चारच चॅनल बसतात, १९२ वर दोन. त्या विभागणीला एस-मक्स म्हणतात, ती दोन्ही उपकरणांना यावी लागते, आणि स्वस्तातले पुष्कळ डबे ४४.१ आणि ४८ च्या पुढे जातच नाहीत. ४४.१ आणि ४८ ची गल्लत तर पहिल्या मार्गात सहज होते. डबा ४८ वर मास्टर, सॉफ्टवेअरमधलं सेशन ४४.१ वर, आणि कोणी तक्रार केली नाही, तर फाइलवर ४४.१ चा शिक्का बसतो पण आत ४८ ची मापं असतात. वाजवली की एक तासाचं भजन ६५ मिनिटं १८ सेकंदांचं होतं आणि सूर जवळजवळ दीड अर्धस्वर (सेमिटोन) खाली उतरतो: काळी एकमधलं गाणं पांढरी एक आणि तिच्या खालची पांढरी सात यांच्या मध्ये कुठेतरी जाऊन बसतं. सुदैवाने फाइल बिघडलेली नसते, शिक्का चुकलेला असतो. हेडरमधला (फाइलच्या सुरुवातीच्या नोंदीतला) रेट ४८ केला की सगळं जागेवर येतं. रूपांतर करू नका, फक्त शिक्का बदला.

पोर्ट अ‍ॅडॅटवर आहे का, हे इंटरफेसच्या कंट्रोल सॉफ्टवेअरमध्ये आधी बघावं. ऑप्टिकल पोर्ट बहुतेक ठिकाणी एसपीडिफ किंवा अ‍ॅडॅट असं दोन्हीपैकी एक चालतं. एसपीडिफवर राहिलं तर उजेड आहे, वायर चांगली आहे, आणि तरी आठांपैकी एकही चॅनल येत नाही. चॅनलचे आकडेही फसवतात. डब्यातला पहिला माइक सॉफ्टवेअरमध्ये ९ वर शोधला आणि सापडला नाही, तर ११ वर बघा. स्कार्लेट १८आय२० सारख्या इंटरफेसात १ ते ८ अ‍ॅनलॉग, ९ आणि १० एसपीडिफ आणि ११ ते १८ अ‍ॅडॅट असा क्रम असतो. एकेका माइकवर नखाने हलकं वाजवून ट्रॅकला नाव द्यायचं. टेपपट्टीवर लिहिलेलं नाव आणि पडद्यावरचं नाव एकच असू द्यावं. आणि ऑप्टिकल वायरी काढण्या-घालण्याच्या आधी हेडफोन आणि स्पीकर बंद. लॉक तुटता-जुळता असा आवाज फुटतो की कान गेलेच म्हणावं.

प्रत्यक्ष देवळात पहिला विचार असा होता की डबा टाळकऱ्यांजवळ ठेवावा आणि लांब ऑप्टिकल वायर टेबलापर्यंत आणावी. ऑप्टिकलमधून वीज जात नसल्यामुळे दोन वेगळ्या बोर्डांवरच्या उपकरणांतून येणारी ५० हर्ट्झची गुणगुण त्या वायरीतून येत नाही, हा मोठा फायदा दिसत होता. पण अ‍ॅडॅटमधून गेनचा (आवाज किती वाढवायचा त्याचा) ताबा मिळत नाही, प्रीअँपचं बटण जाऊन हातानेच फिरवावं लागतं, आणि भजन रंगात आल्यावर रांगेतून वाट काढत तिथे पोचणं शक्य नसतं. शिवाय पायदळी येणारी वायर म्हणून प्लॅस्टिकचा तंतू अगदीच नाजूक. माइकची साधी एक्सएलआर वायर ३० मीटरही आनंदाने जाते. तेव्हा दोन्ही डबे खांबाआडच्या एकाच रॅकमध्ये, एकाच पॉवर स्ट्रिपवर, स्ट्रिप छोट्या यूपीएसवर, ऑप्टिकल वायरी एकेक मीटरच्या, आणि लांब जायचं काम माइकच्या वायरींकडे. लॅपटॉपही रॅकजवळच, कारण यूएसबी २ ची वायर पाच मीटरच्या पुढे नेऊ नये.

देवळात आणखी एका गोष्टीचा बंदोबस्त लागतो. बुक्का. कपाळाला लावताना, उधळताना तो हवेत राहतो, आणि त्याची काळी पूड टॉसलिंकच्या टोकावर बसली तर उजेडाचं काही खरं नाही. रिकाम्या पोर्टांची रबरी बुचं जागेवर ठेवावीत, वायरी आदल्या रात्रीच बसवून टोकांवर कागदी चिकटपट्टीचा एक वेढा द्यावा. तो वेढा धूळ अडवतो आणि ती उलट्या ठोक्याची वायर सैल होण्याची भीतीही घालवतो. रॅकवर ओढणीएवढं सुती फडकं. मागची पंख्याची बाजू मोकळी.

माइकांची वाटणी मुद्दाम केली. बुवा, वीणा, पेटीचे दोन, पखवाजाचे दोन आणि सभामंडपाचे दोन इंटरफेसच्या स्वतःच्या आठ तोंडांवर. टाळ आणि साथ अ‍ॅडॅटच्या आठांवर. डब्याचं फँटम (कंडेन्सर माइकला लागणारी वीज) एकाच बटणाने आठही चॅनलला जात होतं, आणि या आठांवर सगळे कंडेन्सरच असल्याने तेही जमून गेलं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. दोन डब्यांतले कन्व्हर्टर (आवाजाचे आकडे करणारे भाग) आवाजाला सारखाच वेळ लावत नाहीत. एका वाद्याचे दोन माइक दोन डब्यांत वाटले तर ते एकमेकांपासून काही सॅम्पल मागे-पुढे पडतात. पखवाजाची शाई एका डब्यात आणि कणीक लावलेली धुम दुसऱ्यात, असं कधीही करू नये.

हा फरक किती, ते मोजता येतं. इंटरफेसच्या लाइन आउटमधून क्लिक काढून वाय-वायरीने ती एकाच वेळी इंटरफेसच्या आठव्या तोंडात आणि डब्याच्या पहिल्या तोंडात द्यायची, दोन्ही ट्रॅक रेकॉर्ड करायचे आणि सॅम्पल दिसेपर्यंत झूम करायचं. आमच्या जोडीत डबा १४ सॅम्पल मागे निघाला. ४८ किलोहर्ट्झला एका सॅम्पलमध्ये आवाज हवेतून सात मिलिमीटर जातो, म्हणजे माइक दहा सेंटिमीटर मागे सरकवल्यासारखं. टाळांच्या रांगेला त्याने काही होत नाही. पण एकच आवाज सारख्या जोरात दोन्हीकडे आला असेल तर १४ सॅम्पलच्या फरकाने १७०० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, आणि पखवाजाच्या बोलांचा ‘त’ नेमका बोथट होतो. मिक्सच्या आधी डब्याचे आठही ट्रॅक १४ सॅम्पल आधी सरकवले. हा आकडा सॅम्पल रेट बदलला की बदलतो, म्हणून रेट बदलला की पुन्हा मोजायचा.

गेन लावताना सगळे सुरुवातीच्या रूपाच्या अभंगावर लावतात आणि शेवटच्या गजराला ट्रॅक फाटतात. आम्ही मंडळींना आधीच विनंती करून ‘ज्ञानोबा-तुकाराम’चा गजर पूर्ण जोराने दोन मिनिटं करून घेतला आणि त्यावर टाळांचे शेंडे मीटरवर उणे १२ डेसिबलच्या वर जाणार नाहीत असा गेन ठेवला. टाळाचा ठोका फार टोकदार असतो, मीटरचा काटा त्याला पुरता पकडत नाही, म्हणून पीक होल्ड (सगळ्यात वरचा आकडा धरून ठेवायची सोय) लावूनच बघावं. २४ बिटला एवढी जागा सोडल्याने काही बिघडत नाही.

२४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झला एका ट्रॅकला मिनिटाला ८.६४ एमबी लागतात, १६ ट्रॅकांना १३८, तीन तासांना साधारण २५ जीबी. ट्रॅक सुटे सुटे मोनो ठेवले की एकेक फाइल दीड जीबीच्या आसपास राहते आणि वेव्ह फाइलच्या ४ जीबीच्या मर्यादेच्या जवळही जात नाही. बफर (लॅपटॉप एका वेळी किती सॅम्पल घेतो तो आकडा) १०२४, कारण हेडफोनवर लॅपटॉपमधून कोणाला काही परत ऐकवायचं नव्हतं. वायफाय बंद, ब्राउझर बंद. ब्राउझरमधला एखादा व्हिडिओ इंटरफेसचा रेट ४४.१ वर ओढू शकतो, आणि मग सगळ्या साखळीचा ठोका बदलतो.

रेकॉर्डिंग चालू असताना दर वीस मिनिटांनी एकच काम: हेडफोनवर साथीच्या माइकांपैकी एक सोलो करून दोन अभंगांच्या मधली शांतता ऐकायची. बुवा पाणी पितात, वीणेकरी तार छेडत राहतो, तेवढी दहा-पंधरा सेकंदं. टिक असेल तर ती तिथेच सापडते, आणि त्या वेळी पट्टीचा वेढा दाबून बघायलाही सवड असते.